जेम्स वॉटचं इंजिन ज्यानं चालतं केलं, तो जॉन विल्किन्सन

स्मृतिदिन विशेष

ट्रॅक्टर निळा धूर ओकायला लागला, ऑइल पिऊ लागला आणि चढाला दम तोडू लागला की मेकॅनिक इंजिन खोलतो. बोअर झिजलाय म्हणतो. लायनर बदला, नाहीतर रीबोअर करून आणा. मग ब्लॉक टेम्पोत टाकून तालुक्याच्या गावी बोअरिंग मशीनवर न्यायचा. तिथं एक जाड दांडा फिरत असतो. त्याला बसवलेलं टूल फिरता फिरता आपोआप पुढं सरकत राहतं, आणि वेडावाकडा झिजलेला सिलिंडर आतून पुन्हा गोल आणि सरळ होतो. कारागीर माप बांधतो, फीड लावतो आणि नजर ठेवतो. बाकीचं काम मशीन करतं.

हे काम नीट करून दाखवणारं पहिलं यंत्र १७७५ च्या सुमारास इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये चालू झालं. ते बनवणाऱ्या माणसाचं नाव जॉन विल्किन्सन. १४ जुलै हा त्याचा स्मृतिदिन. वाफेचं इंजिन म्हटलं की शाळेच्या पुस्तकात जेम्स वॉटचं नाव येतं. विल्किन्सनचं नाव क्वचितच कुणाला ठाऊक असतं. पण वॉटचं इंजिन अकरा वर्षं अडून बसलं होतं, आणि ते सुटलं विल्किन्सनच्या बोअरिंग मशीनमुळं.

ओताऱ्याच्या घरातला मुलगा

जॉनचा जन्म १७२८ सालचा, उत्तर इंग्लंडमधल्या कंबरलँड भागातला. वडील आयझॅक हे लोखंडाच्या भट्टीवर ओतकाम करायचे. बिडाची भांडी, साचे, भट्टीची धग हे सगळं या पोरानं लहानपणापासून बघितलेलं. घरची माणसं सरकारी चर्चपासून वेगळ्या पंथाची. अशा पंथाच्या लोकांना त्या काळी इंग्लंडमधल्या मोठ्या विद्यापीठांची दारं बंद होती. त्यामुळं त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या होत्या. तशाच एका शाळेत, केंडल गावी, जॉन शिकला. पुढं पाच वर्षं लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याकडं उमेदवारी केली. लोखंड घरात शिकला आणि हिशेब व्यापाऱ्याकडं शिकला. दोन्ही गोष्टी आयुष्यभर कामाला आल्या.

१७५३ मध्ये वडिलांनी उत्तर वेल्समध्ये रेक्सहॅमजवळ बर्शम इथली भट्टी घेतली. १७५५ मध्ये जॉनचं लग्न झालं, पण पुढच्याच वर्षी मुलगी जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बायको गेली. त्यानं कामात डोकं घातलं. १७५७ मध्ये भागीदारांबरोबर श्रॉपशायरमध्ये सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात विली इथं भट्टी उभी केली. पुढं बिल्स्टनजवळ ब्रॅडलीला मोठा कारखाना काढला. १७६२ च्या सुमारास वडिलांचा बर्शमचा धंदा मोडकळीला आला, तेव्हा जॉन आणि धाकटा भाऊ विल्यम यांनी तो हातात घेतला. १७६३ मध्ये त्यानं मेरी ली हिच्याशी दुसरं लग्न केलं. तिच्याकडं बऱ्यापैकी पैसा होता. त्या पैशानं त्याला भागीदारांचे वाटे विकत घेता आले.

पस्तिशीच्या आतबाहेर या माणसाकडं तीन ठिकाणी कारखाने होते. लोखंड कशात वापरता येणार नाही, हे त्याला कुणी पटवून देऊ शकत नव्हतं. लोक त्याला लोखंडवेडा म्हणायचे आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे.

तोफेपासून सुरुवात

त्या काळात लोखंडवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे तोफा. जुन्या पद्धतीत तोफ ओततानाच मधे मातीचा गाभा ठेवायचे, म्हणजे नळी पोकळ निघायची. मग आतून तासून साफ करायची. पण रसरशीत लोखंड ओतताना गाभा जरा हलला की नळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ व्हायची. अशी तोफ कधी फुटेल याचा नेम नसे. शत्रूऐवजी आपलेच गोलंदाज मरायचे.

विल्किन्सननं १७७४ च्या जानेवारीत एका पद्धतीचं पेटंट घेतलं. तोफ आधी भरीव ओतायची. मग ती आडवी धरून पाणचक्कीच्या जोरावर तोफच गोल फिरवायची आणि टूल बसवलेला दांडा न फिरवता सरळ रेषेत आत सारायचा. लेथवर काम करणाऱ्याला यातली खुबी लगेच कळेल. जॉब फिरतो आणि टूल सरळ सरकतं, तेव्हा भोक आपसूक मध्यावर राहायला बघतं.

अशा आडव्या पद्धतीनं तोफा कोरण्याचं काम लंडनजवळच्या सरकारी वूलिच कारखान्यातही चालू होतं. तिथं हॉलंडहून आलेले कारागीर होते. एकट्या विल्किन्सनच्या हातात ही मक्तेदारी जाणं आरमाराला परवडणारं नव्हतं. १७७९ मध्ये त्याचं पेटंट रद्द झालं. पण तोवर त्याच्या हाताला सवय लागली होती, आणि या सवयीची गरज असलेला माणूस बर्मिंगहॅममध्ये हताश होऊन बसला होता.

वॉटचं घोडं कुठं अडलं होतं

तो माणूस जेम्स वॉट. वॉटच्या आधी न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन होतंच. ते खाणीतलं पाणी उपसायचं, पण कोळसा भसाभसा खायचं. कारण त्यात सिलिंडर दर फेऱ्याला वाफेनं तापायचा आणि मग आत पाणी मारून थंड करायचा. १७६५ मध्ये वॉटला सुचलं की वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं, तर सिलिंडर कायम गरम ठेवता येईल आणि कोळसा वाचेल. १७६९ मध्ये त्याला पेटंटही मिळालं.

पण कागदावरचं इंजिन लोखंडात उतरेना. न्यूकोमेनच्या इंजिनात सिलिंडर वेडावाकडा असला तरी भागायचं. पिस्टनच्या डोक्यावर चामडं लावून वर थोडं पाणी सोडलं की फट बुजायची. वॉटला ही सोय नव्हती. पाणी सोडलं की सिलिंडर थंड, आणि मग त्याच्या शोधाचा उपयोगच संपला. त्याला पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना नेमके बसणारेच हवे होते. त्यानं फट बुजवायला कापड, कागद, बूच, घोड्याची लीदसुद्धा वापरून बघितली. वाफ निसटतच राहिली.

सिलिंडर कोरायची यंत्रं तेव्हा नव्हती असं नाही. जॉन स्मीटन या नावाजलेल्या इंजिनिअरनं स्कॉटलंडमध्ये कॅरनच्या कारखान्यात एक बसवलं होतं. पण त्यात कोरणारा दांडा एकाच बाजूनं धरलेला असायचा. दुसरं टोक सिलिंडरच्या पोटात मोकळं. लांब बांबू एका हातानं टोकाला धरला की दुसरं टोक खाली झुकतं, तसंच ते. झुकलेलं टूल ओतकामातल्या खळग्या-उंचवट्यांच्या मागं मागं जायचं. कुठंही माप घेतलं तर भोक साधारण गोल लागायचं, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ नसायचं.

वॉटचा पहिला भागीदार जॉन रोबक १७७३ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याचा वाटा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन या कारखानदारानं घेतला. १७७४ मध्ये वॉट स्कॉटलंडमधलं बिऱ्हाड हलवून बर्मिंगहॅमला आला. बोल्टननं पैसा लावला, संसदेकडून पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून घेतली. सगळं जमलं होतं, सिलिंडर तेवढा जमत नव्हता. बोल्टननं त्यासाठी विल्किन्सनला गाठलं.

दोन्ही टोकं धरली आणि वजन लटकवलं

विल्किन्सननं साधा विचार केला. तोफ एका बाजूनं बंद असते, त्यामुळं दांडा एकाच बाजूनं आत जाऊ शकतो. सिलिंडर तर दोन्ही बाजूंनी उघडा आहे. मग दांडा आरपार का घालू नये?

त्यानं सिलिंडर एका भक्कम पाळण्यात आवळून पक्का बसवला. त्यातून जाडजूड दांडा आरपार नेला आणि त्याची दोन्ही टोकं बाहेर बेअरिंगवर टेकवली. आता झुकायची सोय उरली नाही. पाणचक्की हा दांडा फिरवायची. आणि दांड्यावर बसवलेलं टूलचं डोकं दांड्याबरोबर फिरता फिरता दांड्याच्या अंगावरून या टोकाकडून त्या टोकाकडं सरकायचं.

हे सरकणं म्हणजेच फीड, आणि यंत्राची दुसरी खरी करामत इथं होती. दांडा आतून पोकळ होता आणि त्याला लांबीभर खाच होती. पोकळीत दुसरी सळई होती. ती खाचेतून टूलच्या डोक्याला जोडलेली. सळईच्या बाहेरच्या टोकाला दात्यांची पट्टी, म्हणजे रॅक, आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक, म्हणजे पिनियन. या चाकाला एक तरफ आणि तरफेला टांगलेलं वजन. वजन खाली ओढायचं, चाक वळायचं, पट्टी सरकायची आणि टूल पुढं जायचं.

ड्रिल मशीनवर हातानं फीड देऊन बघितलेल्या कुणालाही याचं मोल कळेल. हात कधी जोर लावतो, कधी ढिला पडतो. जोर जास्त झाला की टूल धातूत घुसतं, कमी झाला की नुसतं घासत बसतं. भोकाच्या आत ओरखडे उठतात आणि माप बदलतं. टांगलेल्या वजनाला दम लागत नाही. सकाळी जेवढी ओढ, तेवढीच संध्याकाळी. कापायची ताकद पाण्याची, पुढं सरकायची ओढ वजनाची. मोठा सिलिंडर कोरायचं काम लांब चालायचं, आणि एवढा वेळ एकसारखा जोर देणं कुठल्याही पैलवानाला जमलं नसतं.

एप्रिल १७७५ च्या सुमारास पहिला सिलिंडर बर्मिंगहॅमला पोचला आणि वॉटच्या प्रयोगाच्या इंजिनावर चढला. इंजिन चाललं. नंतर विल्किन्सननं ५० इंच व्यासाचा सिलिंडर कोरला. एवढ्या मोठ्या बोअरमध्ये कुठंही जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीएवढीही चूक नाही, असं बोल्टननं कळवलं. आजच्या मोजमापात ही चूक फार मोठी वाटेल. त्या दिवसांत ती ऐकून माणसं थक्क झाली.

पहिली दोन इंजिनं

१७७६ मध्ये वॉटची पहिली दोन मोठी इंजिनं धंद्याच्या कामाला लागली. एक टिप्टनच्या ब्लूमफिल्ड कोळसाखाणीत पाणी उपसायला. त्याचा सिलिंडर ५० इंची. दुसरं खुद्द विल्किन्सनच्या विलीच्या भट्टीवर हवा फुंकायला. त्याचा सिलिंडर ३८ इंची. म्हणजे विल्किन्सन वॉटचा सिलिंडरवालाही होता आणि पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एकही होता.

त्याला यात मोठा फायदा दिसला होता. तोवर भट्टीचा भाता पाणचक्कीवर चालायचा. उन्हाळ्यात नदी आटली की भाता बंद आणि भट्टी थंड. वाफेवर भाता चालला तर भट्टी बारमाही पेटती राहते, आणि कारखाना नदीकाठी न बांधता कोळशाजवळ बांधता येतो. १७८३ मध्ये ब्रॅडलीला लोखंड ठोकणारा घणही वाफेवर चालू लागला.

बोल्टन आणि वॉट तेव्हा अख्खं इंजिन विकत नसत. ते नकाशे द्यायचे, काही नाजूक भाग पुरवायचे, बाकी माल गिऱ्हाइकानं घ्यायचा. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची किंमत त्यांना द्यायची. आणि सिलिंडर घ्यायचा तो विल्किन्सनकडून, अशी त्यांची शिफारस असे. जवळजवळ २० वर्षं हा सिलसिला चालला.

होडी, पूल आणि नाणी

या काळात त्याचं लोखंडवेड सगळीकडं फोफावलं. सेव्हर्न नदीवर कोलब्रुकडेलजवळ लोखंडी पूल बांधायच्या बेतात तो सुरुवातीपासून होता. पुढं त्यानं आपले शेअर अब्राहम डार्बी तिसरा याला दिले, आणि १७८१ मध्ये वाहतुकीला खुला झालेला पूल डार्बीच्या नावावर गेला. पॅरिस शहराच्या पाणीयोजनेसाठी लोखंडी पाइप त्यानं पुरवले. भाऊ विल्यम फ्रान्समध्ये जाऊन तोफांचे कारखाने उभे करत होता.

१७८७ मध्ये त्यानं लोखंडी पत्र्यांची होडी बनवून सेव्हर्नमध्ये सोडली. लोखंड पाण्यात बुडतं हे शेंबडं पोरही जाणतं, म्हणून लोक तमाशा बघायला जमले. होडी तरंगली. आतल्या पोकळीमुळं ती जेवढं पाणी बाजूला सारते, त्या पाण्याचं वजन होडीच्या वजनाला उचलून धरतं, हे गणित त्याला ठाऊक होतं.

देशात सुट्या पैशांची टंचाई होती, तेव्हा त्यानं मजुरांच्या पगारासाठी स्वतःची तांब्याची नाणी पाडली. त्यांवर राजाचं तोंड असावं तसं विल्किन्सनचं तोंड. उत्तरेत कॅसल हेड इथं त्यानं दलदलीची जमीन विकत घेतली आणि पाणी काढून ती शेतीखाली आणली. ऑक्सिजनवरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेला जोसेफ प्रिस्टली हा त्याच्या बहिणीचा नवरा. १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या दंगलखोरांनी प्रिस्टलीचं घर जाळलं, तेव्हा विल्किन्सननं त्याला पैशाची मदत केली.

साठी ओलांडल्यावरही त्याचा पसारा वाढतच होता. १७९६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बनणाऱ्या बिडापैकी साधारण आठवा हिस्सा एकट्या विल्किन्सनच्या भट्ट्यांमधून निघायचा, असं म्हणतात.

भाऊबंदकी आणि चोरटी इंजिनं

पण इतका सरळ सिलिंडर कोरणाऱ्या या माणसाचा व्यवहार सगळीकडं सरळ नव्हता. वॉटच्या इंजिनाचे भाग त्याच्याच कारखान्यात बनत होते, नकाशे हाताशी होते. त्यानं बोल्टन आणि वॉटना न कळवता, त्यांचा हिस्सा न भरता बरीच इंजिनं बनवली. काही स्वतःसाठी, काही दुसऱ्यांना विकायला.

ही गोष्ट बाहेर फुटली ती घरातूनच. फ्रान्सहून परतलेल्या विल्यमचं आणि जॉनचं बिनसलं. जॉननं १७९२ मध्ये बर्शमच्या जवळच ब्रिम्बोची जमीन एकट्याच्या नावावर घेतली होती. आपल्याच भागीदारीच्या धंद्याला हा शह आहे असं विल्यमला वाटलं. वाद विकोपाला गेला, १७९५ मध्ये बर्शमची भागीदारी मोडली, आणि चिडलेल्या विल्यमनं चोरट्या इंजिनांची हकिकत बोल्टन आणि वॉटच्या कानावर घातली.

विल्किन्सनला थकलेले पैसे भरणं भाग पडलं. पण पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच होतं. ज्याच्या सिलिंडरवर २० वर्षं डोळे झाकून भरवसा ठेवला, त्याच्यावरचा भरवसा उडाला. बोल्टन आणि वॉटनी बर्मिंगहॅमजवळ सोहो फाउंड्री हा स्वतःचा कारखाना उभा केला, तिथं स्वतःचं बोअरिंग मशीन बसवलं आणि १७९६ पासून सिलिंडर स्वतःच बनवायला लागले. विल्किन्सनचं सगळ्यात मानाचं काम त्याच्या हातून गेलं.

संपत्ती कोर्टात गेली

दुसऱ्या बायकोपासून त्याला मूल झालं नाही. सत्तरीत त्याच्या घरातल्या ॲन लुईस या बाईपासून त्याला तीन मुलं झाली. लग्नाचं नातं नव्हतं, पण मुलं आपली आहेत हे त्यानं लपवलं नाही आणि मिळकत त्यांना मिळावी अशी तजवीज मृत्युपत्रात केली.

१४ जुलै १८०८ रोजी ब्रॅडली इथं, ८० व्या वर्षी, तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणं कॅसल हेडच्या जागेत बिडाच्या शवपेटीत त्याला पुरलं. मागं १ लाख ३० हजार पौंडांहून जास्त मिळकत होती, आणि तेव्हाच्या मानानं ही अफाट रक्कम. पुतण्या-भाच्यांतल्या एकानं, थॉमस जोन्स या भाच्यानं, मृत्युपत्राला आव्हान दिलं. दावा वर्षानुवर्षं चालला. इकडं कारखान्यांकडं धड लक्ष द्यायला कुणी नाही, तिकडं वकिलांची बिलं. १८२८ पर्यंत बहुतेक सगळं संपलं होतं. आपल्याकडं बांधाच्या वादात दोन पिढ्या तारखा करणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

त्याच्या देहालाही स्वस्थता मिळाली नाही. जागा विकली गेली, शवपेटी इकडून तिकडं हलली, आणि आज नेमकी कबर कुठं आहे हे सांगता येत नाही. मृत्यूनंतर सात वर्षांनी तो राखाडी घोड्यावर बसून भट्ट्या बघायला परत येणार अशी आवई उठली, आणि बिल्स्टनजवळच्या माळावर हजारो माणसं जमली. कुणी आलं नाही. लिंडेल गावात त्याच्या स्मरणाचा बिडाचा उंच स्तंभ मात्र अजून उभा आहे.

मागं काय उरलं

सिलिंडर कोरायच्या यंत्राचं पेटंट त्यानं घेतलं नव्हतं. ज्याला जमलं त्यानं ते बघून बनवलं आणि सुधारलं. टांगत्या वजनाच्या जागी पुढं गिअर आणि आट्याचा दांडा आला. दांडा एक फेरा फिरला की टूल किती पुढं जाणार हे गिअरवर ठरू लागलं. १८०० च्या आसपास हेन्री मॉडस्ले यानं लेथवर टूल धरणारी सरकती घोडी आणि अचूक आट्याचा स्क्रू एकत्र आणला, आणि कारागिराच्या हातातलं टूल कायमचं मशीनच्या हातात गेलं. आजच्या सीएनसी मशीनवर हेच काम सर्व्हो मोटर करते आणि फीड मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगता येतो.

बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ मध्ये निघालेल्या पहिल्या गाडीच्या इंजिनांना असेच कोरलेले सिलिंडर होते. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला, उसाच्या ट्रॅक्टरला, दारातल्या मोटरसायकललाही आहेत. वॉटच्या डोक्यातली कल्पना पक्की होती, तरी ती अकरा वर्षं एका सरळ बोअरसाठी थांबली. तालुक्याच्या वर्कशॉपात कळकट कपड्यांत बोअरिंग मशीनपाशी उभा राहणारा माणूस आजही तेच काम करतो. त्याच्या हातून बोअर पाव मिलिमीटर जरी वाकडा गेला, तर नामांकित कंपनीचा पिस्टनही त्या इंजिनाला ओढ देऊ शकत नाही.